पट्टा बांधलेली बरणी

आर्डिस ब्रँडव्होल्डच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची खिडकीची जागा कुणालाच मिळत नसे. पायानं अधू म्हातारा येवो, नाहीतर पोटुशी बाई येवो, तिथं बसायचं नाही. त्या जागेवर चिनी मातीची एक तपकिरी बरणी बसायची, पोटावरून पट्टा बांधून. कुणी फारच गयावया केली, की बरणी मी मांडीवर घेतो, मला तेवढं बसू द्या, तर आर्डिस आरशातून त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळायची. मग सांगायची, "ती या वाटेनं सोन्याच्या वर्षी आली. तुम्ही आज सकाळी जहाजातून उतरलात."

लोक हसायचे. त्यांना वाटायचं बाई विनोदी आहे. आर्डिस आयुष्यात कधी विनोद करत नव्हती, हे कॅनडाच्या हद्दीलगतच्या स्कॅगवे बंदरातल्या आम्हा गावकऱ्यांना ठाऊक होतं, पण जहाजातून उतरलेल्यांना कोण सांगणार?

तिचा धंदा साधा होता. सकाळी धक्क्यावरून बस भरायची, व्हाइट पासची चढण चढायची, वर कॅनडाची चौकी ओलांडायची, कारक्रॉसपर्यंत जाऊन तळ्याकाठी सगळ्यांना पॅनकेक खायला घालायचे आणि जहाजाचा भोंगा व्हायच्या आत परत आणून सोडायचं. सोन्याच्या शोधात लाखभर माणसं ज्या वाटेनं रखडत गेली, ती वाट हे लोक गुबगुबीत खुर्चीत बसून, काचेतून फोटो काढत बघायचे. दरीत धबधबा दिसला की सगळी बस एका अंगाला कलायची. अस्वल दिसलं की विचारायचंच नाही. एका गृहस्थानं तिला विचारलं होतं, की हे डोंगर हिवाळ्यात आत घेऊन ठेवतात का. हे मी बनवून सांगत नाही. आर्डिसनं त्याला सांगितलं, हो, वरचे तेवढे घेतो.

माइकवर तिची जीभ सैल सुटायची. मेल्या घोड्यांची घळ आली की ती बस हळू करायची आणि सांगायची, की इथं हजारो घोडी मेली, कारण त्यांच्यावर ओझी लादणारे हे न्हावी, कारकून आणि विमा एजंट होते, ज्यांनी जन्मात कुत्रं पाळलं नव्हतं. वर खिंडीत पोलीस उभे होते. वर्षभराचा शिधा दाखवल्याशिवाय पुढं सोडत नव्हते, म्हणून हे शहाणे तीच चढण पुन्हा पुन्हा चढले. आणि एवढं करून तिकडं पोचले, तेव्हा सोन्याच्या सगळ्या जागा आधीच गेलेल्या. मग आले तसे परत गेले. "उन्हाळी माणसं," आर्डिस म्हणायची. "तेव्हाही आणि आताही."

आता हे उन्हाळी प्रकरण समजून घ्या, कारण त्यावरच तिचं सगळं आयुष्य उभं होतं. शरदात शेवटचं जहाज गेलं की आमच्या गावातली दुकानं फळ्या ठोकून बंद होतात, पोरंटोरं कामगार पळतात, आणि उत्तरेचा वारा सुरू होतो. तो वारा दारं उखडतो, माणसांची डोकी फिरवतो. शेवटचं जहाज गेल्यापासून वसंतातलं पहिलं जहाज येईपर्यंत जो गाव सोडत नाही, तो आमचा माणूस. बाकीचे सगळे पाव्हणे. हा नियम गावाचाच, पण इतरांनी तो सवडीनं पाळला. आर्डिसनं मात्र तो गळ्यात बांधून घेतला होता. तिच्या नवऱ्यानं पहिल्याच हिवाळ्यात काढता पाय घेतला, तेव्हा ती रडलीबिडली नाही. "फेब्रुवारीपर्यंत तरी टिकला," एवढंच म्हणाली. मुलगी ॲरिझोनात स्थायिक झाली, तिला ती फोनवर हवामान विचारायची आणि नाक मुरडायची.

आणि नियमाच्या मधोमध ही बरणी. बरणीत आंबवण होतं, पिठाचं, आपण दह्याला विरजण ठेवतो तसं. रोज थोडं काढायचं, पीठपाणी घालून उरलेलं जगवायचं. आर्डिसची पणजी गुन्हिल्ड नवऱ्यासोबत ही खिंड चढली, तेव्हा गोठू नये म्हणून तिनं ते पिशवीत बांधून चोळीच्या आत, पोटाशी धरलं होतं. नवऱ्याला वर जाऊन काही मिळालं नाही. गुन्हिल्डनं मात्र तंबूत पाव भाजून विकला आणि घर बांधलं. ब्रँडव्होल्ड मंडळींची सगळी ऐट ती हीच, की आम्ही मूर्ख नव्हतो, मूर्खांना खायला घालत होतो.

गावात अशी आंबवणं पाच-सहा घरांत होती, पण ती घरं शहाणी. एकमेकींना वाटीभर द्यायची, म्हणजे एकीचं मेलं तर दुसरीकडून आणता येतं. आर्डिसनं जन्मात कुणाला चमचाभर दिलं नाही. शेजारणीनं मागितलं तर म्हणाली, तुझी आजी कुठल्या साली आली ते आधी बघून ये. आणि दुकानात सोन्याच्या चाळणीचं चित्र छापलेली आंबवणाची पाकिटं मिळतात, पावडर पाण्यात कालवायची की झालं, त्यांच्यावर तर तिचा डूख होता. तळ्याकाठी तव्यावर पीठ ओतताना ती हमखास म्हणायची, "ज्यांनी ती पाकिटं घेतलीत त्यांनी घरी जाऊन भिंतींना कागद चिकटवा. त्या खळीचा दुसरा उपयोग नाही."

एकदा मात्र तिनं दिलं होतं, आणि तेही दिलं असं म्हणता येणार नाही. तिच्या बसच्या शेडला लागून एक खानावळ होती. तिथं नेनिता मगबानुआ नावाची फिलिपिनी बाई भांडी घासायची. पन्नाशीची, ठेंगणी, आणि तोंडानं अशी खणखणीत की खानावळीचा मालक तिला चळचळा कापायचा. उन्हाळ्यात बरणी उतू जायची, तेव्हा आर्डिस जादाचं आंबवण मोरीत ओतायची. नेनितानं ते पाहिलं आणि सरळ म्हणाली, की फेकता कशाला, मला द्या. तिच्या गावाकडं थोरल्या बहिणीला मानांग म्हणतात, ती आर्डिसलाही मानांगच म्हणायची. आर्डिसला ते मुळीच आवडायचं नाही.

आर्डिसनं लोण्याच्या रिकाम्या डब्यात पळीभर ओतलं आणि डबा तिच्याकडं सरकवला. हातात नाही दिला, ओट्यावरून सरकवला. "घे. आठवडाभर जगवलंस तरी खूप झालं. तुम्ही उन्हाळी माणसं."

नेनितानं त्यात तांदळाचं पीठ कालवलं आणि पुतो केले, म्हणजे वाफवलेले पांढरेशुभ्र गोळे, आपल्या इडलीची चुलत बहीण म्हणा. गरम गरम ताटलीभर घेऊन ती शेडमध्ये आली. आर्डिसनं एक उचलला, वास घेतला, आणि म्हणाली की पणजीच्या आंबवणात तांदूळ घालायचं कुणाला सुचलं असतं. मग ताटली घेऊन बाहेर गेली आणि नेनिताच्या डोळ्यांदेखत सगळे पुतो कावळ्यांना घातले. आमच्याकडचे कावळे कोंबडीएवढे असतात, त्यांनी मिनिटात फडशा पाडला. नेनिता रिकामी ताटली घेऊन परत गेली. जाताना एवढंच म्हणाली, "कावळ्यांना चव कळते, मानांग."

त्याच वर्षी आर्डिसचं खुब्याचं हाड गेलं. डॉक्टरांनी सिॲटलला जायला सांगितलं, शस्त्रक्रिया आणि पुढं हिवाळाभर व्यायाम. तिला ऑपरेशनची भीती नव्हती, बरणीची होती. सिॲटलला नेली असती, पण तिथल्या कोमट हवेत, गॅसच्या शेगडीशेजारी, त्या भाड्याच्या खोलीत? बरणीनं कधी गाव सोडून हिवाळा काढला नव्हता, आणि आपल्यामुळं सोडावा लागला असता तर तो बरणीला डाग लागला असता. कुणाला द्यायची यावर तिनं महिनाभर डोकं खाजवलं. शेवटी चुलतभाऊ लायलला दिली. लायल ब्रँडव्होल्ड म्हणजे गुन्हिल्डचा पणतू, गावाबाहेर एक हिवाळा काढलेला नाही, बाकी अक्कल म्हणाल तर बेताची. पण आर्डिसच्या तराजूत अकलेला कधी वजन नव्हतंच. रक्त आणि हिवाळे, दोनच मापं.

शेवटचं जहाज गेलं आणि आर्डिस फेरीबोटीत चढली. नेनिता धक्क्यावर मासळी घेत होती. आर्डिस लायलला म्हणाली, बघ, ही अजून इथंच आहे, पैसे कमी पडले असतील तिकिटाला. नाताळाआधी पळेल.

नेनिता पळाली नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात तिला काम मिळालं होतं. वाऱ्यानं तिच्या खोलीचं धुराडं उडवलं, ते तिनं स्वतः छपरावर चढून बसवलं, आणि त्या वेळी तिनं वाऱ्याला तिच्या भाषेत ज्या शिव्या घातल्या त्यांची गावात अजून आठवण निघते.

आणि लायलनं काय दिवे लावले? जानेवारीत वीज गेली, सगळे दारूच्या गुत्त्यात शेगडीभोवती जमले. गोष्ट निघाली सोन्याच्या वर्षाची. कुणीतरी म्हणालं, की पोटाशी आंबवण धरून खिंड चढली वगैरे थापा आहेत, थंडीत ते जगणंच शक्य नाही. झालं. लायलचं ब्रँडव्होल्ड रक्त उसळलं, त्यानं पैज मारली. घरी गेला, बरणी आणली, सगळंच्या सगळं आंबवण कापडी पिशवीत ओतलं आणि पिशवी सदऱ्याच्या आत पोटावर बांधली. चमचाभर बाजूला ठेवावं एवढंही त्याला सुचलं नाही. कारण गुन्हिल्डनं ठेवलं नव्हतं ना. त्या अवतारात तो भर वाऱ्यात धक्क्यापर्यंत जाऊन परत आला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आंबवण ठणठणीत होतं. इथं थांबला असता तर नाव झालं असतं. पण पैज जिंकल्याबद्दल लोक पाजत गेले, हा पीत गेला, आणि लोखंडी शेगडीला पोट लावून खुर्चीत गाढ झोपला. जागा झाला तेव्हा पोटावर पाव भाजून तयार होता. वरून खरपूस, आत गच्च.

लायलनं घाबरून बरणी साबण आणि उकळत्या पाण्यानं घासली, म्हणजे होतं नव्हतं तेही गेलं. मग दुकानाच्या मागच्या दारानं जाऊन चाळणीच्या चित्राचं पाकीट आणलं. पाण्यात कालवलं, बरणीत ओतलं. सगळ्या गावाला ठाऊक. आर्डिसला फोन करून सांगेल असा एकही माईचा लाल निघाला नाही. निघणार कसा? प्रत्येकाला तिनं कधी ना कधी पाव्हणा म्हटलं होतं.

पहिलं जहाज यायच्या आधल्या आठवड्यात आर्डिस काठी टेकत परतली. आधी बरणी मागितली, मग घराची किल्ली. झाकण काढून वास घेतला. थोडी थबकली. बोट बुडवून चाखलं आणि म्हणाली की सिॲटलच्या गोळ्यांनी माझ्या जिभेचं वाटोळं केलं, सगळं गुळमट लागतं. लायल म्हणाला, हो, गोळ्या वाईटच. आणि डाग लागू नये म्हणून तिनं बरणी पुसली, बसमध्ये नेली आणि पट्टा बांधला.

तो हंगाम आम्ही जन्मात विसरणार नाही. रोज दुपारी तळ्याकाठी आर्डिस पाकिटातलं पीठ तव्यावर ओतायची आणि पाकिटं घेणाऱ्यांची सालटी काढायची. गावातली रिकामटेकडी मंडळी मुद्दाम गाड्या काढून कारक्रॉसला जायची, नुसतं ऐकायला. चौकीवरचा कॅनेडियन शिपाईसुद्धा बरणीकडं बघून मिशीत हसायचा. नीच प्रकार होता, नाही म्हणत नाही. पण तिनं हयातभर जे पेरलं, त्याचं आम्ही तिकीट न काढता पीक बघत होतो.

जुलैत एक म्हातारं जोडपं बसमध्ये होतं. नवरा-बायको दोघं आदल्या वर्षीही येऊन गेलेले, साधीभोळी माणसं. पॅनकेकचा घास घेऊन बाई म्हणाली, की अय्या, गेल्या वर्षी किती आंबट होता, आता अगदी आमच्या पाकिटासारखा लागतो. आम्ही रविवारी करतो ना, तस्सा. छान मऊ. नवऱ्यानंही मान डोलावली.

आर्डिसनं त्या बाईला खाऊ की गिळू अशा नजरेनं बघितलं. मग उलथनं हातात तसंच धरून उभी राहिली. तिची जीभ मेली असेल, या दोघांच्या जिभांनी तर सिॲटलच्या गोळ्या खाल्ल्या नव्हत्या. तव्यावरचा पॅनकेक करपला, धूर निघाला, तरी तिनं उलटला नाही. परतीच्या वाटेवर माइक बंद होता. मेल्या घोड्यांची घळ आली आणि गेली, आर्डिसनं बस हळूसुद्धा केली नाही.

लायल घरासमोर लाकडं फोडत होता. तिनं बस रस्त्यातच थांबवली, माणसं आत बसलेली, आणि खाली उतरून विचारलं, बरणीत काय आहे. लायलनं कुऱ्हाड खाली ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. पैज, शेगडी, पोटावरचा पाव. हंगाम संपल्यावर सांगणार होतो म्हणाला.

"कोणाकडं तरी उरलं असेल," आर्डिस म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःला ओळखू आला नसता.

"कोणाकडं उरणार?" लायल म्हणाला. "तू दिलंस कधी कुणाला?"

आर्डिस वळली. ती बसमध्ये चढली, माणसं धक्क्यावर सोडली, कुणाला नमस्कार नाही की चमत्कार नाही. सगळे उतरल्यावर ती तिथंच बसून राहिली, त्या पट्टा बांधलेल्या खळीकडं बघत. आपण काय काय बोललो या उन्हाळ्यात, ते सगळं तिला आठवलं असणार, आणि गाड्या काढून ऐकायला आलेले ते चेहरेही. रडली की नाही ठाऊक नाही. काचा धुरकट होत्या. मग केव्हातरी तिला लोण्याचा डबा आठवला.

नेनिता धुलाईच्या दुकानावरच्या खोलीत राहायची. जिना लाकडी, बाहेरून. नव्या खुब्यानं तो जिना चढताना आर्डिसला घाम फुटला. दार उघडंच होतं, आतून वाफेचा वास येत होता. खिडकीत काचेची मोठी बरणी होती, आणि तिच्यातलं पांढरं पीठ बुडबुडे सोडत होतं. दारातूनच तो वास आर्डिसच्या नाकात शिरला, आंबट, झोंबरा, लहानपणच्या स्वयंपाकघराचा. गोळ्यांनी काही झालं नव्हतं तिच्या जिभेला.  तिनं चौकट धरली.

नेनितानं वळून बघितलं. 'बसा' म्हणाली नाही. कशाला आली हे तिला सांगायची गरज नव्हती, अख्ख्या गावासारखं तिलाही सगळं जानेवारीपासून ठाऊक होतं.

"मला थोडं हवंय," आर्डिस म्हणाली. एवढं बोलायला तिला किती कष्ट पडले असतील, ते आम्हीच जाणतो. "माझ्या पणजीचं आहे ते."

"होतं," नेनिता म्हणाली. तिनं हात पुसले. "मानांग, तुमचा नियम काय आहे? आंबवण कुणाला द्यायचं?"

आर्डिस खिडकीतल्या बरणीकडंच बघत राहिली.

"तुम्हीच सांगता ना माइकवर. शेवटच्या जहाजापासून पहिल्या जहाजापर्यंत जो गावात राहील त्याला. मी राहिले. धुराडं उडालं तरी राहिले. हे पण माझ्यासोबत राहिलं, वीज गेली तेव्हा पांघरुणात घेऊन झोपले मी याला. आणि तुम्ही कुठं होतात?"

सिॲटलला. कोमट हवेत. हे शब्द आर्डिसच्या तोंडून निघाले नाहीत, पण तिचा चेहरा असा पांढरा पडला की नेनितालाच पुढं काही बोलवेना. एरवी ती कुणाचं ऐकून घेणारी नव्हे. पण समोर म्हातारी चौकट धरून उभी होती, आणि तिच्याच नियमानं तिला पाव्हणं ठरवलं होतं.

नेनितानं बरणीला हात लावला नाही. चुलीवरच्या पातेल्याचं झाकण काढलं, ताटलीत गरम पुतो घातले आणि ताटली पुढं केली. हातात दिली, सरकवली नाही. "हे न्या. आंबवण पुढच्या पहिल्या जहाजाला. हिवाळा काढा, मग या."

आर्डिस ताटली घेऊन जिन्यावर आली. पायऱ्या उतरवेनात म्हणून वरच्याच पायरीवर बसली. एक पुतो तोडून तोंडात घातला. मऊ तांदळाच्या आत गुन्हिल्डचा आंबटपणा जसाच्या तसा होता. समोरच्या कठड्यावर दोन कावळे येऊन बसले, माना वाकड्या करून वाट बघत, कारण त्यांना ही बाई आणि ही ताटली चांगली ठाऊक होती. आर्डिसनं ताटली छातीशी ओढून घेतली, आणि शेवटचा घास संपेपर्यंत त्यांना एक शीतही दिलं नाही.